दिंडी दरवाजा

‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे दोन शब्द मराठी वाचकाच्या दृष्टीने इतके भिन्न आहेत की, एकाच्या जागी दुसरा छापला गेल्यास पाठशाळेतील गुरू एकदम मुदपाकखान्यात जाऊन पोहोचतो. आणि तरीही या दोहोंतील सारा भेद एका अर्ध्या रकारावर, म्हणजे तो रफार होऊन माथ्यावर चढतो की अर्धचंद्रासारखा आडवा होऊन अक्षराला चिकटतो एवढ्यावर, अवलंबून असतो. काही वर्षांपूर्वी एका मुक्त लेखनप्रणालीत मजकूर टंकित करीत असता माझ्या असे ध्यानात आले की, मी ‘दऱ्या’ लिहिले तरी छापील कागदावर ‘दर्या’च उमटतो. प्रणाली मुक्त होती, म्हणजे तिची मूळ संहिता कोणालाही वाचण्यास, तपासण्यास व सुधारण्यास खुली होती, आणि दोष आढळल्यास अवश्य कळवावा असे तिच्या कारभाऱ्यांचे जाहीर आवाहनही होते. मी कळवावयास गेलो. दोषांच्या नोंदवहीच्या दारातच माझ्याकडे नाव, ईमेलचा पत्ता आणि एक नवा पासवर्ड मागण्यात आला; त्या पासवर्डात आकडा हवा, चिन्ह हवे, मोठी आणि लहान रोमन अक्षरे हवीत अशा अटी होत्या; त्या पुऱ्या केल्यावर पत्त्याच्या पडताळणीसाठी जे पत्र यावयाचे ते दुसऱ्या दिवशी नको असलेल्या टपालाच्या ढिगात सापडले, आणि तोपर्यंत त्यातील दुव्याची मुदत संपून गेली होती. मी तो दोष कळविला नाही. माझ्यासारखे आणखी किती जण त्या दारातून परतले असतील हे त्या प्रणालीच्या कारभाऱ्यांना कधीच कळणार नाही, कारण जो आत आला नाही त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नसते.

संगणकाच्या व्यवसायातील मंडळी जिला बग ट्रॅकर म्हणतात ती वस्तू म्हणजे तक्रारींचे दप्तर होय. आलेल्या प्रत्येक तक्रारीस तेथे एक क्रमांक मिळतो. ती कोणी व केव्हा दाखल केली, कोणाकडे सोपविली गेली, कोणत्या आवृत्तीत तिचे निवारण झाले, याची तारीखवार नोंद राहते. आणि प्रकल्प मुक्त असला की हे दप्तर, काही गोपनीय पाने वगळता, जगातील कोणीही उघडून वाचू शकतो. वाचण्यास अशी पूर्ण मुभा असली तरी लिहिणाऱ्याची ओळख कशी पटवून घ्यावी हा प्रश्न उरतोच, आणि तो प्रकल्प उभारणाऱ्यांपुढे पहिल्याच आठवड्यात येऊन ठाकतो. बहुधा एखाद्या संध्याकाळी, तयार प्रणालीच्या मांडणीत जी सोय पहिल्याने हाती लागेल ती स्वीकारून, तो घाईने निकालात काढला जातो. पुढे वर्षानुवर्षे खाती साचत जातात, जुन्या तक्रारी त्या खात्यांच्या नावावर चढतात, आणि मग तो निर्णय फिरविणे अत्यंत कष्टाचे होऊन बसते.

या दप्तराच्या दाराशी तीन प्रकारची माणसे येतात, आणि माझ्या मते या विषयातील बहुतेक चुका या तिघांना एकाच मापाने मोजण्यातून झालेल्या आहेत. पहिला येतो तो परका. त्याला एकच दोष सांगावयाचा असतो, तो सांगून झाला की कदाचित जन्मात तो पुन्हा फिरकणार नाही, आणि तरीही प्रकल्पाला त्याची गरज सर्वांहून अधिक असते, कारण मराठीतील आडवा रकार मोडला आहे हे बर्लिनमध्ये किंवा बोस्टनमध्ये बसून संहिता लिहिणाऱ्यास स्वतःहून कधी दिसावयाचेच नाही. दुसरा असतो तो नेहमीचा सहकारी. तो रोज येतो, तक्रारींचे वर्गीकरण करतो, एकाच दोषाच्या दोन तक्रारी असल्यास त्या जुळवितो. तिसरा असतो तो किल्लीदार. ज्या दोषांचा गैरफायदा घेऊन लक्षावधी लोकांचे संगणक फोडता येतील असे दोष दुरुस्त होईपर्यंत गुप्त ठेवावे लागतात, आणि ती गुप्त पाने वाचण्याचा अधिकार या थोड्या लोकांकडेच असतो. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल की, हत्तीची धडक थोपविण्यासाठी अणकुचीदार खिळे ठोकलेल्या त्या प्रचंड दाराच्याच एका फळीत एक लहानशी दिंडी ठेवलेली आहे, जिच्यातून एकेकटा माणूस वाकून आत येऊ शकतो. बांधणाऱ्याने हत्ती आणि माणूस यांचा विचार वेगवेगळा केला होता. बग ट्रॅकरची रचना करणाऱ्यानेही तसाच वेगळा विचार करावा, एवढेच या प्रकरणाचे म्हणणे आहे. परंतु ते पटण्यासाठी आजवर काय काय घडले ते पाहिले पाहिजे.

१९९८ साली नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरची संहिता जगाला खुली केली, तेव्हा मोझिला प्रकल्पासाठी टेरी वाइसमन यांनी बगझिला ही प्रणाली लिहिली. तिच्यात प्रत्येक माणसाचे नाव म्हणजे त्याचा ईमेलचा पत्ता असे, कारण तक्रारीत काही बदल झाला की त्याची वर्दी त्या पत्त्यावर जावयाची होती. आणि त्या पत्त्याला जोड एका पासवर्डाची. ही रीत इतकी साधी होती की पुढील अनेक वर्षे शेकडो प्रकल्पांनी तिचेच अनुकरण केले. तिच्यातील पहिले वैगुण्य असे की, नाव म्हणून दिलेला पत्ता आत आलेल्या इतरांनाही दिसे, आणि ज्याला आपला पत्ता चारचौघांत उघड करणे नको असेल त्याच्यापुढे गप्प राहण्यावाचून दुसरा मार्ग नसे. दुसरे वैगुण्य अधिक खोल होते, आणि ते पासवर्डाच्या स्वभावातच होते.

पासवर्ड म्हणजे मराठीत परवलीचा शब्द; फौजेच्या छावणीत रात्रीच्या पहाऱ्यासाठी तो ठरत असे आणि सकाळी रद्द होत असे. संगणकाच्या जगात तो १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये आला. फर्नांडो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली तेथे एकच यंत्र अनेकांनी वाटून वापरण्याची पद्धती तयार झाली होती, आणि प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राखण्यासाठी प्रत्येकास एक शब्द देण्यात आला. १९६२ मध्येच त्या संस्थेतील ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने, आपल्या वाट्याचा यंत्राचा वेळ पुरत नाही म्हणून, सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादी यंत्राकडूनच छापवून घेतली. शब्द मूळ रूपात साठवून ठेवले की असे व्हावयाचेच, म्हणून पुढे शब्दाऐवजी त्याचे पीठ साठविण्याची युक्ती निघाली. जात्यातून निघालेल्या पिठावरून मूळचा दाणा पुन्हा घडविता येत नाही, परंतु पुन्हा तोच दाणा दळला असता तेच पीठ निघते, म्हणून पडताळा मात्र घेता येतो. दोघांनी एकच शब्द निवडला तर पीठही एकच दिसेल आणि नेहमीच्या शब्दांची पिठे आधीच दळून ठेवणाऱ्याचे फावेल, म्हणून रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांनी १९७९ सालच्या आपल्या निबंधात प्रत्येक शब्दात दळण्यापूर्वी वेगळे मीठ घालण्याचा प्रकार वर्णन केला, आणि ‘मीठ’ हीच संज्ञा त्यासाठी रूढ झाली.

हे सारे ठाऊक असूनही काय घडते याचे दुःखद उदाहरण एप्रिल २०१० मध्ये अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या वाट्याला आले. ही संस्था जगातील अनेक मुक्त प्रकल्पांचे माहेर आहे आणि तिचे तक्रारींचे दप्तर जिरा नावाच्या प्रणालीवर चालत असे. त्या महिन्याच्या ५ तारखेस कोणी एका अनोळखी इसमाने एक तक्रार दाखल केली आणि तीत एक आखूड केलेला दुवा ठेवला. तो दुवा पुन्हा जिराच्याच एका पानावर नेत असे, परंतु त्या पानातील एका दोषामुळे, जो कोणी त्यावर बोट ठेवील त्याच्या प्रवेशाची खूण परस्पर चोराच्या हाती पडत असे. आणि तक्रारी वाचणे हेच ज्यांचे काम, त्या व्यवस्थापकांपैकी काहींनी तो दुवा उघडला. त्याच वेळी प्रवेशाच्या पानावर अक्षरशः लाखो शब्द लावून पाहण्याचाही उद्योग चालू होता. दुसऱ्याच दिवशी चोरांना व्यवस्थापकाचे अधिकार मिळाले. ९ तारखेस त्यांनी, जो कोणी प्रवेश करील त्याचा पासवर्ड टिपून घेणारी एक आज्ञावली आत बसविली आणि व्यवस्थापकांना ‘तुमचा पासवर्ड बदलण्यात आला आहे’ अशा अर्थाची पत्रे जिराकडूनच धाडली. व्यवस्थापकांना वाटले की प्रणालीत काही निरुपद्रवी बिघाड झाला असावा. त्यांनी प्रवेश केला, आणि आपला नेहमीचा शब्द पुन्हा कायम केला. त्यांतील एकाचा शब्द मूळ यंत्रावरील खात्याचाही होता आणि त्या खात्याला त्या यंत्रावर सर्वाधिकार होते. संस्थेने काही दिवसांतच हा सारा वृत्तांत, आपली चूक कोठे झाली त्यासह, प्रांजळपणे प्रसिद्ध केला. जिरामधील पासवर्डांच्या पिठात मीठ घातलेले नव्हते, हेही त्यात लिहिले होते. अशा निवेदनाबद्दल मला त्या मंडळींविषयी आदर वाटतो.

मोझिलाच्या बगझिलावर झालेला घाला याहून शांतपणे झाला, आणि म्हणूनच अधिक घातक ठरला. गुप्त दोष वाचण्याचा अधिकार असलेल्या एका व्यक्तीने तेथील पासवर्ड दुसऱ्याही एका संकेतस्थळावर वापरला होता; ते संकेतस्थळ फुटले आणि किल्ली चोराच्या हाती आली. मोझिलाने सप्टेंबर २०१५ मध्ये जाहीर केले त्यानुसार हा चोर निदान सप्टेंबर २०१४ पासून आत ये-जा करीत होता. त्याने १८५ अप्रकाशित दोष वाचले. त्यांपैकी ५३ गंभीर स्वरूपाचे होते. त्यांतील ४३ दोषांचे निवारण तोवर झालेले होते, परंतु उरलेल्या १० दोषांपैकी एकाचा वापर फायरफॉक्सच्या वापरकर्त्यांवर हल्ला करण्यासाठी झाला असावा, असे मोझिलाने नमूद केले. यानंतर किल्लीदारांना पासवर्ड बदलण्यास लावून दुहेरी पडताळणी सक्तीची करण्यात आली, म्हणजे शब्दाबरोबर क्षणोक्षणी बदलणारा आकडाही मागितला जाऊ लागला. या प्रकरणात दोष परक्याच्या दारात नव्हता. परक्याचा पासवर्ड चोरीस गेला असता तर त्याने पूर्वी जाहीरपणे लिहिलेली एक तक्रारच काय ती चोराला वाचावयास मिळाली असती. कुलूप जेथे भक्कम हवे होते तेथे ते परक्याच्या दारासारखेच राहिले होते.

प्रत्येक प्रकल्पाने लोकांचे पासवर्ड आपल्या घरी साठवू नयेत, ज्याचे त्याच्याकडे राहू द्यावेत, हा विचार या अनुभवांच्या आधीच सुरू झाला होता. २००५ साली लाइव्हजर्नलचे निर्माते ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी ओपनआयडी ही योजना मांडली. तीत जामिनाची कल्पना होती: मी तुमच्या दाराशी येऊन म्हणतो की अमुक एका ठिकाणी माझी ओळख आहे, तुम्ही त्या ठिकाणी विचारणा करता, तेथे मी माझा पासवर्ड सांगतो, तो तुम्हाला कधीच दिसत नाही, आणि ते ठिकाण तुम्हाला हवाला देते की हा माणूस तोच आहे. जामीन कोण असावा हे माणसाने स्वतः ठरवावे, किंबहुना आपल्या स्वतःच्या पानावर दोन ओळी लिहून वाटेल तेव्हा जामीन बदलता यावा, ही या योजनेतील उदात्त गोष्ट होती. पायथन भाषेच्या तक्रारींच्या दप्तराने अशा हवाल्यावर प्रवेश देण्यास आरंभ केला, इतरही अनेकांनी केला. परंतु सामान्य माणसाला आपले नाव म्हणून एक संकेतस्थळाचा पत्ता लिहावयाचा ही गोष्ट कधी उमगली नाही, आणि जामीन राहणाऱ्या संस्थाच एकामागून एक मागे सरल्या: मायओपनआयडी ही सेवा १ फेब्रुवारी २०१४ रोजी बंद झाली, आणि गूगलने २० एप्रिल २०१५ पासून या जुन्या पद्धतीचा हवाला देणे थांबविले. मोझिलाने २०११ मध्ये आरंभिलेली, पुढे पर्सोना या नावाने ओळखली गेलेली योजना माझ्या मते यांहून अधिक समंजस होती, कारण तीत माणसाचे नाव म्हणजे त्याच्या परिचयाचा ईमेलचा पत्ताच होता आणि कोण कोठे गेला याची खबर मधल्या जामिनाला लागू नये अशी तजवीज होती. तीही ३० नोव्हेंबर २०१६ रोजी बंद पडली. ज्यांनी केवळ या एकाच दारावर विसंबून आपली नोंदवही उघडली होती, त्यांना दार बंद होण्यापूर्वी आपल्या प्रत्येक माणसासाठी दुसरी वाट काढावी लागली.

आज ज्याला लोक ‘गूगलने लॉगिन’ किंवा ‘गिटहबने लॉगिन’ म्हणतात, त्याच्या मुळाशी ओऑथ नावाची पद्धती असते. ती मूळची जामिनाची नसून मुखत्यारपत्राची आहे. माझ्या वतीने माझ्या खात्यातील अमुक गोष्टी पाहण्याचा किंवा करण्याचा अधिकार मी दुसऱ्यास देतो, असा तिचा आशय. त्यावरून ओळखीचा दाखला काढणे हा पुढचा उपयोग होय, आणि तो शिस्तीत बसविण्यासाठी २०१४ मध्ये ओपनआयडी कनेक्ट हा नवा दंडक तयार झाला. हा भेद लक्षात ठेवणे प्रकल्पाच्या व्यवस्थापकास आवश्यक आहे, कारण मुखत्यारपत्रात किती अधिकार मागावेत हे तोच ठरवीत असतो. तक्रार लिहावयास आलेल्या माणसाकडे गिटहबवरील त्याच्या संहितेच्या कोठारांत फेरफार करण्याचा अधिकार मागणे म्हणजे कचेरीत अर्ज देण्यास आलेल्या शेतकऱ्याकडून त्याच्या सातबाऱ्याचे मुखत्यारपत्र लिहून घेण्यासारखे आहे. पडताळलेला ईमेलचा पत्ता आणि खात्याचा क्रमांक, एवढे पुरे. खात्याचा क्रमांक मी मुद्दाम म्हणतो. गिटहबवर माणूस आपले नाव बदलू शकतो आणि त्याने सोडलेले नाव उद्या दुसऱ्याच कोणास मिळू शकते. म्हणून ज्यांनी आपल्या वहीत केवळ नाव लिहून ठेवले, त्यांच्याकडे एकाचे खाते दुसऱ्याच्या हाती जाण्याचा धोका राहतो. क्रमांक मात्र जन्मभर एकच असतो.

गेल्या काही वर्षांत अनेक जुन्या प्रकल्पांनी केवळ दार बदलण्यावर न थांबता आपले सारे दप्तरच गिटहबच्या वाड्यात नेऊन ठेवले: पर्लने २०१९ मध्ये, एलएलव्हीएमने २०२१ च्या अखेरीस, पायथनने २०२२ च्या एप्रिलात. त्यांना दोष देण्यास माझे मन धजत नाही. संहिता लिहिणाऱ्या बहुसंख्य लोकांचे खाते तेथे आधीच असते, दुहेरी पडताळणीची व्यवस्था तयार मिळते, आणि स्वयंसेवकांच्या डोक्यावरचा यंत्रे सांभाळण्याचा भार उतरतो. तथापि २०१८ पासून हा वाडा मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा आहे आणि त्याला अमेरिकेचे कायदे लागू होतात. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमिया येथील लोकांच्या खाजगी कोठारांची दारे अचानक लावली गेली. सार्वजनिक कोठारे खुली राहिली हे खरे, आणि इराणसाठी जानेवारी २०२१ मध्ये परवानाही मिळाला, परंतु मधल्या काळात तेथील प्रामाणिक कारागिरांना जे सोसावे लागले ते त्यांच्या कोणत्याही अपराधामुळे नव्हते. आपल्या देशातही डिसेंबर २०१४ मध्ये दहशतवादविरोधी पथकाच्या सूचनेवरून ३२ संकेतस्थळांवर मनाई हुकूम निघाला, त्यात गिटहबच्या पत्त्याचाही समावेश होता, आणि तो काही दिवसांत उठविला गेला असला तरी, ज्या प्रकल्पाचे एकमेव दार तेथे आहे त्याच्या दृष्टीने तेवढे दिवस भारतातील तक्रारदार अस्तित्वातच नव्हता.

दार अगदी मोकळे का टाकत नाहीत, असा प्रश्न वाचकाच्या मनात या ठिकाणी येईल, आणि त्याचे उत्तर जाहिरातींच्या कचऱ्यात आहे. जेथे म्हणून कोणालाही लिहिता येते तेथे औषधे, जुगार आणि बनावट मदत-क्रमांक विकणारी यंत्रे रात्रंदिवस येऊन लिहू लागतात, आणि तो कचरा उपसण्याचे काम बिनपगारी स्वयंसेवकांच्या माथी येते. एलएलव्हीएमच्या जुन्या बगझिलावर याच कारणासाठी स्वतःहून खाते उघडण्याची सोय बंद करून, खाते हवे असल्यास पत्राने अर्ज करावा अशी सूचना लावावी लागली होती. जीसीसी या संकलकाच्या नोंदवहीतही नवी खाती चाळून घेतली जातात. आणि अपाचेनेही २०२२ च्या अखेरीस जिरावरील खुली नोंदणी थांबवून अर्जाची पद्धती सुरू केली. अर्ज करावा, कोणी माणसाने तो वाचावा, मग खाते मिळावे, ही रीत कचऱ्यावर अचूक लागू पडते. पण एका रकाराची तक्रार घेऊन आलेला माणूस तेवढा काळ थांबत नाही. एसक्यूलाइटचे कर्ते रिचर्ड हिप यांच्या फॉसिल या प्रणालीत एक सौम्य तोड काढलेली आहे: परक्याने ‘अनामिक’ म्हणून आत यावे, आणि समोर चित्रासारखी दिसणारी अक्षरे वाचून टंकित करावी. खाते नाही, पत्ता नाही. येणारा माणूस आहे, यंत्र नाही, एवढीच खात्री. हल्लीच्या यंत्रांना अशी अक्षरे वाचता येऊ लागल्याने ही तोड पूर्वीइतकी पक्की उरलेली नाही, परंतु तिच्यामागील विचार मला फार योग्य वाटतो.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण विकिपीडियाचे आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याच्या संपादकांना यंत्रणेतील दोष, टंकलेखनाच्या अडचणी किंवा अक्षरांची मोडतोड कळवावयाची असली की पूर्वी विकिमीडियाच्या बगझिलावर वेगळे खाते उघडावे लागे आणि ईमेलचा पत्ता तेथील इतरांपुढे उघडा करावा लागे. नोव्हेंबर २०१४ मध्ये विकिमीडियाने हे दप्तर फॅब्रिकेटर या प्रणालीवर नेले आणि तेथे विकिपीडियाच्याच खात्याने प्रवेश देण्याची व्यवस्था केली. जो माणूस कोल्हापुरात किंवा पणजीत बसून एखाद्या किल्ल्यावरचा लेख दुरुस्त करतो, तोच त्याच नावाने, कोणताही नवा पासवर्ड न घेता, संहितेतील दोषही नोंदवू शकतो, आणि त्याची साक्ष कोणी परकी कंपनी देत नसून त्याचाच समाज देतो. ज्या प्रकल्पापाशी असा स्वतःचा समाज आहे त्याने हाच मार्ग घ्यावा.

लहान प्रकल्पाला हे शक्य नसते. चार-पाच स्वयंसेवकांच्या अशा प्रकल्पास माझे सांगणे असे की, परक्यासाठी निदान दोन भिन्न जामीन स्वीकारावेत, म्हणजे एक बुडाला तर दुसरा उरेल. एका माणसाला आपल्या खात्यास दोन्ही जोडून ठेवता यावेत. आणि ओळख विचारावयाची ती तक्रार लिहून झाल्यावर विचारावी, लिहिण्यापूर्वी नव्हे, शिवाय प्रवेशाच्या धावपळीत लिहिलेला मजकूर हरवू नये. स्वतःचे पासवर्ड साठविण्याचा मोह शक्यतो आवरावा. किल्लीदारांसाठी मात्र कोणतीही सवलत असू नये: त्यांना दुहेरी पडताळणी, आणि शक्य तर २०१९ साली प्रमाणित झालेल्या वेबऑथन पद्धतीची किल्ली सक्तीची करावी, जीत आठवणीत ठेवण्याजोगा, म्हणून दुसरीकडे वापरला जाण्याजोगा, शब्दच नसतो. आणि या सर्वांखेरीज एक साधा ईमेलचा पत्ता ठेवावा, जेथे कोणतेही खाते नसलेला माणूस चार ओळी लिहून टाकू शकेल.

हा शेवटचा सल्ला भाबडा वाटण्याचा संभव आहे, म्हणून डेबियनची हकिगत सांगितली पाहिजे. डेबियन हा स्वयंसेवकांनी चालविलेला मुक्त प्रणालींचा प्रचंड संग्रह असून त्याचे तक्रारींचे दप्तर इयन जॅक्सन यांनी १९९४ मध्ये सुरू केले. तेथे खाते नाही, लॉगिनचे पानच नाही. दोष कळवावयाचा तर ठरलेल्या पत्त्यावर पत्र पाठवावे. यंत्र त्याला क्रमांक देते आणि संबंधित व्यवस्थापकास वर्दी धाडते. इतकेच नव्हे, तर तक्रारीचे वर्गीकरण बदलणे, तीस मिटविणे, पुन्हा उघडणे, हेही दुसऱ्या एका पत्त्यावर आज्ञा लिहून कोणालाही करता येते. प्रत्येक आज्ञा तिच्या लेखकाच्या नावासह दप्तरात जाहीरपणे नोंदली जाते आणि कोणी खोडसाळपणा केल्यास दुसरा ती फिरवू शकतो, एवढाच काय तो बंदोबस्त. या रीतीचे तोटे लपविण्याचे कारण नाही: कचऱ्याची पत्रे येतात आणि ती चाळण्यासाठी गाळण्या व माणसे दोन्ही राबवावी लागतात; तक्रारदाराचे नाव व पत्ता कायमचे जाहीर राहतात, त्यामुळे ज्याला अनाम राहावयाचे आहे त्याची येथे गैरसोय होते; आणि गुप्त ठेवावयाचे दोष या दप्तरात आणताच येत नसल्याने त्यांच्यासाठी सुरक्षा-मंडळींचा वेगळा, खाजगी पत्ता ठेवावा लागला आहे. तरीही हे दप्तर ३० वर्षांहून अधिक काळ अखंड चालू आहे, त्यातील तक्रारींचा क्रमांक १० लाखांच्या पुढे गेला आहे, आणि त्यांपैकी एकही तक्रार दाखल करण्यासाठी कोणाला त्या दाराशी पासवर्ड सांगावा लागलेला नाही.